एका जिम्नॅस्टची दोन आत्मचरित्रं

मुलगी सहा महिन्यांची. बाप तिला कपडे वाळत घालायच्या दोरीला लटकवतो, पकड किती आहे ते बघायला. शेवटी दोरी तुटते, पण पोरगी हात सोडत नाही.

अमेरिकन जिम्नॅस्ट डॉमिनिक मोचिआनूबद्दल 1990च्या दशकात जे काही छापून यायचं, त्यात ही गोष्ट हमखास असायची. कौतुकानं सांगितलेली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो ना आपण, तशी. इथे पायांऐवजी हात, इतकंच.

आता हीच गोष्ट तुम्ही दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचताना एवढंच लक्षात ठेवा, की ही मुलगी पुढे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणार आहे. दुसऱ्यांदा वाचताना हे लक्षात ठेवा, की हीच मुलगी सतराव्या वर्षी कोर्टात जाऊन आईवडिलांच्या ताब्यातून कायद्यानं मोकळी व्हायची परवानगी मागणार आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोरी तीच, बाप तोच. पण दुसऱ्या वाचनात तुम्हाला हसू आलं का? मला तरी नाही आलं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या मागे असतील. ज्यांच्या विषयात आत्मचरित्रं, मुलाखती, आठवणी असं काही साधन म्हणून येणार आहे (इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, शारीरिक शिक्षण, कुठलाही विभाग असो), त्यांच्यासाठी हा लेख. मोचिआनूनं स्वतःच्या आयुष्यावर दोन पुस्तकं लिहिली, मध्ये 16 वर्षांचं अंतर ठेवून. पहिलं 1996चं, 'डॉमिनिक मोचिआनू : ॲन अमेरिकन चॅम्पियन'. दुसरं 2012चं, 'ऑफ बॅलन्स'. एकाच माणसाची, एकाच काळाबद्दलची दोन आत्मकथनं शेजारी ठेवून वाचायला मिळणं तसं दुर्मीळ. आणि ही दोन पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी तिची थोडक्यात ओळख, कारण आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की नादिया कोमानेची, सिमोन बाईल्स आणि आपली दीपा कर्माकर, एवढ्यावर यादी संपते.

डॉमिनिकचा जन्म 30 सप्टेंबर 1981चा, कॅलिफोर्नियातल्या हॉलिवूडमधला. आईवडील रोमानियातून आलेले आणि दोघंही एकेकाळचे जिम्नॅस्ट. 1976च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये नादियाला पूर्ण 10 गुण मिळाले, तेव्हा तिचे प्रशिक्षक होते बेला आणि मार्ता कारोली. हे दांपत्य 1981 मध्ये अमेरिकेत आलं आणि टेक्सासमध्ये स्थिरावलं. मुलीला त्यांच्या हाताखाली घालायचं म्हणून मोचिआनू कुटुंब 1991 मध्ये ह्यूस्टनला राहायला गेलं. 1995 मध्ये, तेराव्या वर्षी, डॉमिनिक अमेरिकेची राष्ट्रीय ऑल-अराउंड विजेती झाली. इतक्या लहान वयात हे तिच्याआधी कुणी केलं नव्हतं. पुढच्या वर्षी अटलांटा ऑलिंपिक. अमेरिकेच्या मुलींनी पहिल्यांदाच सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या सात जणींत ही सर्वांत लहान, 14 वर्षांची. 1997 पासून किमान वयाची अट वाढून 16 झाली, त्यामुळे इतकी लहान मुलगी आता त्या बीमवर दिसायची नाही. 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या गुडविल गेम्समध्ये तिनं ऑल-अराउंड सुवर्ण घेतलं. 2000च्या ऑलिंपिक निवड चाचणीतून गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घेतली आणि वरच्या पातळीवरची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. तेव्हा ती 18 वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयात मुलं बारावीचा निकाल आणि सीईटीचा स्कोअर बघत असतात.

आता पहिलं पुस्तक. मुखपृष्ठावर तिचं नाव, आणि सोबत स्टीव्ह वुडवर्ड यांचं. आपल्याकडे याला 'शब्दांकन' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो निम्मं खरं बोलतो. अंकन एकाचं, शब्द कुणाचे ते मात्र तो सांगत नाही. पुस्तक मुलांसाठी, विशेषतः जिम्नॅस्टिक्सचं वेड लागलेल्या मुलींसाठी. स्वप्न आहे, मेहनत आहे, प्रेमळ घर आहे, कडक पण मनानं चांगले गुरू आहेत. ते भरपूर खपलं. ऑलिंपिकचं वर्ष, घरच्या मैदानावरची स्पर्धा, 'नवी नादिया' अशी जाहिरात. ते खपलं नसतं तरच नवल.

दुसऱ्या पुस्तकातलं घर वेगळं आहे. वडील मारायचे. प्रशिक्षक वजनावरून अपमान करायचे, दुखापत सांगितली तर ती आळसात जमा व्हायची, आणि मनासारखं झालं नाही की वडिलांना बोलावलं जायचं. पुढे काय होणार हे बोलावणाऱ्यालाही ठाऊक असायचं. तिच्या कमाईचा हिशेब वडिलांच्या हातात. त्या पैशांतून ह्यूस्टनजवळ एक प्रचंड जिम उभी राहिली, नाव अर्थातच मोचिआनू. 1998च्या ऑक्टोबरमध्ये ती घर सोडून गेली आणि टेक्सासच्या कोर्टानं तिला सज्ञान ठरवलं. त्यानंतर वडिलांना तिच्यापासून दूर राहण्याचा आदेशही कोर्टानं दिला. (कारोली दांपत्यानं वाईट वागणुकीचे आरोप नाकारले, हेही नोंदवून ठेवा. अशी नोंद ठेवणं म्हणजे दोन्ही बाजूंना खूश ठेवणं नव्हे. शोधनिबंधात ती जागा रिकामी राहिली, तर व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.)

मी जेव्हा ही दोन पुस्तकं पहिल्यांदा सेमिनारसाठी घेतली, तेव्हा काय केलं सांगते. एक तक्ता केला. डावीकडे 1996, उजवीकडे 2012. डावीकडे 'प्रतिमानिर्मिती', उजवीकडे 'वास्तव'. प्रत्येक ओळीत डावीकडचं उजवीकडच्यानं खोडलं. तक्ता दिसायला फार छान होता, मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मार्गदर्शक मॅडमनी तो पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "आणि उद्या तिनं तिसरं पुस्तक लिहिलं तर? मग दुसऱ्याचं काय करणार आहेस?"

उत्तर नव्हतं. तो तक्ता अजून माझ्या लॅपटॉपवर आहे.

माझी चूक काय होती, ते बघू. मी दुसऱ्या पुस्तकावर विश्वास ठेवला ही चूक नव्हती. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना बाहेरचा आधार आहे, कोर्टाचे आदेश तर सार्वजनिक नोंदीत आहेत. चूक ही, की 'नंतरचं म्हणजे खरं' असं मी गृहीत धरलं, आणि आधीच्या पुस्तकाला साधन म्हणून मारून टाकलं. मराठीत आपल्याला सवय असते, आत्मचरित्राला 'प्रांजळ' म्हटलं की परीक्षण संपलं. दुसरं पुस्तक प्रांजळ, पहिलं अप्रांजळ, झालं काम. पण 14 वर्षांच्या मुलीला अप्रांजळ ठरवताना आपण तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा करत होतो? ज्या घरात संध्याकाळी परत जायचंय, त्या घराबद्दल तिनं भूमिका घेऊन लिहावं, अशी?

फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकानं 1975 मध्ये आत्मचरित्राची व्याख्या एका कराराच्या रूपात मांडली. मुखपृष्ठावरचं नाव, कथन करणारा 'मी' आणि कथेतलं पात्र एकच आहे, अशी हमी लेखक वाचकाला देतो. साहित्याच्या नेटच्या अभ्यासात तुम्ही हे वाचलं असेल. मोचिआनूच्या पहिल्या पुस्तकात नाव जुळतं, 'मी' जुळतो, पात्रही जुळतं. व्याख्येप्रमाणे सगळं ठीक. फक्त करार करणारी व्यक्ती अल्पवयीन आहे. तिच्या वतीनं दुसरंच कुणी सह्या करतं, पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जातात, शब्द तिसऱ्याचे. लेजनच्या व्याख्येत बसणारं आणि तरीही त्या व्याख्येला घाम फोडणारं हे पुस्तक आहे. 1998 मध्ये ती कोर्टात गेली, ते स्वतःच्या नावानं करार करता यावा यासाठीही होतंच की. म्हणजे तिच्या आयुष्यात 'लेखक' होण्याची कायदेशीर पात्रताच पहिल्या पुस्तकानंतर दोन वर्षांनी आली.

असं पाहिलं की पहिलं पुस्तक पुन्हा जिवंत होतं. त्यात घराचं वर्णन कसं आहे, हा प्रश्न मागे पडतो. असं घर कुणाला हवं होतं, कोण विकत घेत होतं, हा प्रश्न पुढे येतो. आणि लगेच एक तारीख आठवते. जोन रायन या पत्रकाराचं 'लिटल गर्ल्स इन प्रिटी बॉक्सेस' हे पुस्तक 1995चं. अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्स आणि फिगर स्केटिंगमध्ये लहान मुलींचे काय हाल होतात, उपासमार, मोडलेली हाडं, प्रशिक्षकांची दहशत, हे सगळं त्यात आलेलं होतं. म्हणजे मोचिआनूचं हसरं पुस्तक दुकानात होतं, त्याच्या आदल्याच वर्षी हे रडवणारं पुस्तकही दुकानात होतं. 'तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं' हे वाक्य त्यामुळे तुमच्या प्रबंधात येता कामा नये. माहीत करून घ्यायचं असणाऱ्याला माहीत होतं.

आता जरा 'ऑफ बॅलन्स'कडेही तितक्याच कडक नजरेनं पाहू. ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचीच उलटतपासणी करायला आपण विसरतो.

हे पुस्तकही तिनं एकटीनं लिहिलेलं नाही, पॉल आणि तेरी विल्यम्स हे सहलेखक आहेत. आणि त्यालाही एक साचा आहे. गेल्या काही दशकांत इंग्रजीत अशा आठवणींची लाटच आहे: अंधारं बालपण, सुटका, शोध, शेवटी शांतता. या साच्यात सगळ्यात कमी जागा कशाला मिळते, तर सुटकेनंतरच्या रोजच्या दिवसांना. मोचिआनूनं 2006 मध्ये मायकल कनालिस यांच्याशी लग्न केलं. ते पायाच्या विकारांचे सर्जन आणि स्वतःही कॉलेजात जिम्नॅस्ट. 2007 मध्ये मुलगी, 2009 मध्ये मुलगा, आणि 2009 मध्येच ओहायोच्या जॉन कॅरोल विद्यापीठाची पदवी. दोन बाळंतपणं सांभाळत पदवी! ज्यांच्या घरी कुणी असं शिकलंय, त्यांना याचा अर्थ कळेल. पुस्तकात मात्र पती, पदवी, मुलं ही वादळानंतरची बक्षिसं असल्यासारखी येतात. माझी या पुस्तकाबद्दलची मोठी तक्रार हीच. मारणाऱ्या बापाबद्दल, वजनकाट्याबद्दल ती बारीकसारीक सांगते. पण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ज्या शरीराला दुसऱ्या कुणीतरी वेळापत्रक दिलं, ते शरीर विशीत सकाळी उठून करतं काय? भूक लागली हे त्याला कळतं का? कुणी ओरडत नसेल तर मेहनत कशी करायची? स्पर्धेनंतरच्या आयुष्याबद्दल संशोधन करणाऱ्यांना नेमकं हे हवं असतं, आणि नेमकं तिथेच पुस्तक पावलं भरभर टाकतं.

साच्यात न बसणाऱ्या दोन गोष्टी मात्र तिच्या आयुष्यात आहेत, आणि त्या मला पुस्तकाच्या नाट्यमय भागापेक्षा जास्त खिळवून ठेवतात.

एक, ती परत गेली. 2005-06च्या सुमारास तिनं पुन्हा स्पर्धेत उतरायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. पण ज्या जगानं आपल्याला मोडलं असं आपण म्हणतो, त्याच जगात पंचविशीच्या उंबरठ्यावर पुन्हा का जायचं? 'सुटका' हा शब्द इथे अपुरा पडतो.

दुसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. 'ऑफ बॅलन्स' 2012चं. त्याच वर्षी, ॲलिशिया थॉम्पसन यांच्यासोबत लिहिलेली तिची मुलांसाठीच्या कादंबऱ्यांची मालिकाही सुरू झाली, 'द गो-फॉर-गोल्ड जिम्नॅस्ट्स'. टेक्सासमधली एक जिम, चार मुली, मैत्री, रुसवे-फुगवे, मोठी स्पर्धा गाठायची स्वप्नं. विचार करा. एका हातानं ती टेक्सासमधल्या जिमची भीषण हकीकत लिहितेय, दुसऱ्या हातानं टेक्सासमधल्याच जिममधली आनंदी गोष्ट. माझ्या जुन्या तक्त्यात या कादंबऱ्या कुठल्या रकान्यात गेल्या असत्या? 'प्रतिमानिर्मिती' म्हणावं तर आता तिच्यावर कुणाची सक्ती नाही. मला वाटतं, या कादंबऱ्यांत तिनं स्वतःला मिळायला हवी होती ती जिम बांधली. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही; प्रबंधात घातला तर त्याच्यामागे 'असे वाटते' लावावं लागेल. पण अंदाजाला थोडं बळ देणारी एक घटना पुढे घडली. 2018 मध्ये तिनं ओहायोतल्या मेडिनामध्ये खरोखरची जिम काढली.

आता बहिणीबद्दल. 'ऑफ बॅलन्स' ज्यामुळे गाजलं ती गोष्ट. डिसेंबर 2007, डॉमिनिकचे दिवस भरत आलेले, कॉलेजच्या परीक्षा चालू. टपालानं एक पाकीट येतं. पाठवणारी म्हणते, मी तुझी सख्खी बहीण. जेनिफर ब्रिकर, जन्म 1987, जन्मतःच पाय नसलेली. आईवडिलांनी जन्मल्याबरोबर तिला दत्तक देऊन टाकलं होतं आणि घरात कधी विषय काढला नाही. इलिनॉयमधल्या ज्या कुटुंबानं तिला वाढवलं, तिथे ती टीव्हीवर जिम्नॅस्टिक्स बघून वेडी झाली, स्वतः टंबलिंग शिकली, स्पर्धा जिंकली. आणि टीव्हीवरच्या सगळ्या मुलींत तिची सगळ्यात लाडकी कोण, तर डॉमिनिक मोचिआनू. नातं माहीत नसताना. सिनेमात दाखवलं असतं तर आपण 'काहीही काय' म्हणून उठून गेलो असतो.

पण संशोधक म्हणून या गोष्टीचा उपयोग वेगळा आहे. 1996च्या पुस्तकात जेनिफर नाही, आणि वडिलांची मारहाणही नाही. दोन्ही गैरहजर. माझ्या तक्त्यात दोन्हींसाठी मी एकच शब्द लिहिला होता, 'मौन'. केवढी ढोबळ चूक! जेनिफर जन्मली तेव्हा डॉमिनिक सहा वर्षांची होती आणि तिला काही सांगितलंच गेलं नव्हतं. ते तिचं मौन नव्हे, ते आईवडिलांचं. मारहाण तिला अर्थातच माहीत होती, पण सांगण्याची सोय नव्हती. आणि तिसराही एक प्रकार असतो, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नसेल असा. रोज वजन करणं, दुखत असताना उडी मारणं, हे तिच्या आसपासच्या सगळ्याच मुलींचं आयुष्य होतं. जे सगळ्यांचं असतं ते कुणी पुस्तकात लिहीत नाही. साधनातल्या रिकाम्या जागेपाशी थांबलात, की ही जागा यांपैकी कशानं रिकामी आहे ते आधी ठरवा. सोपं नाही. कित्येकदा ठरत नाही, आणि 'ठरत नाही' असं लिहायलाही लाजू नका.

जेनिफरनं 2016 मध्ये स्वतःचं आत्मकथन लिहिलं, 'एव्हरीथिंग इज पॉसिबल'. म्हणजे त्याच घराची हकीकत आता तिसऱ्या बाजूनं, जिला त्या घरात राहायलाच मिळालं नाही तिच्याकडून. डॉमिनिकला आईवडील मिळाले आणि त्यांची किंमत मोजावी लागली. जेनिफर नाकारली गेली आणि तिला प्रेमळ घर मिळालं. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचा. वडील 2008 मध्ये कर्करोगानं गेले, त्याआधी डॉमिनिकचं त्यांच्याशी नातं बऱ्यापैकी सावरलं होतं. 'ऑफ बॅलन्स' मला सर्वांत खरं वाटतं ते इथे, जिथे तिला या माणसाबद्दल नक्की काय वाटावं तेच कळत नाही. राग आहे, कीव आहे, मुलीची माया आहे, आणि बहिणीला टाकून दिल्याचा नव्यानं कळलेला धक्का आहे. साचा तिथे मोडतो.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे परत येते. तिसरं पुस्तक अजून आलेलं नाही, पण तिसरं, चौथं सांगणं झालेलं आहे. 2008 मध्ये तिनं एचबीओच्या क्रीडा कार्यक्रमात कारोलींच्या वागणुकीबद्दल पहिल्यांदा उघड आरोप केले. तेव्हा तिची गणना कडवट, निराश माजी खेळाडूंत झाली, आणि जिम्नॅस्टिक्सच्या जगानं तिला दूर ठेवलं. 2012चं पुस्तक आलं, चर्चा झाली ती मुख्यतः हरवलेल्या बहिणीची. मग 2016 मध्ये 'इंडियानापोलिस स्टार' या वृत्तपत्रानं अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघटनेत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी कशा दाबल्या गेल्या ते उघड केलं, संघाचा डॉक्टर लॅरी नासर याचं प्रकरण बाहेर आलं. मार्च 2017 मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला डॉमिनिकला बोलावलं गेलं. तिथे ती जे बोलली, त्या जगातल्या भीतीच्या वातावरणाबद्दल, त्यातलं पुष्कळसं तिनं नऊ वर्षांपूर्वीच सांगितलेलं होतं.

म्हणजे 2008 ते 2017 या काळात बदललं कोण? माझ्या मते ती फारशी नाही बदलली. बदलले ऐकणारे. आणि माझ्या तक्त्यात ऐकणाऱ्यासाठी रकानाच नव्हता.

मौखिक इतिहासवाल्यांना आलेस्सांद्रो पोर्तेल्ली हे नाव सांगायला नको. इटलीतल्या तेर्नी गावात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार 1949 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. गावकरी मात्र पोर्तेल्लींना सांगत राहिले, की तो 1953 मध्ये, कारखान्यातल्या नोकरकपातीच्या वेळी मेला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. लोकांना त्याचा मृत्यू त्या दिवसाला का चिकटवावासा वाटला, हेच त्यांनी अभ्यासाचं केंद्र केलं. मोचिआनूच्या बाबतीत तारखा चुकलेल्या नाहीत, पण धडा तोच लागू पडतो. जुळत नसलेली दोन कथनं मिळाली, की त्यातलं एक फेकायची घाई करू नका.

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणणं खोटं ठरेल. एका तालुक्याच्या गावी मी एका माजी जिम्नॅस्टची मुलाखत घेतली होती, राज्य पातळीवर खेळलेल्या. ताई आता शाळेत शिकवतात. रेकॉर्डर चालू असताना सर, मैदान, पदकं, सगळं गोड. रेकॉर्डर बंद केला, चहा आला, आणि कप बशीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीला मात्र मी नाही पाठवणार." पुढे काही बोलल्या नाहीत. मी घरी येऊन फील्ड डायरीत लिहिलं, 'विसंगती, पुन्हा विचारणे'. जणू ताईंची उत्तरपत्रिकाच तपासत होते. पुन्हा विचारायला गेले नाही, आता जायला हवं असं वाटत नाही. आणि ते वाक्य प्रबंधात वापरायचं तर त्यांची संमती लागेल. रेकॉर्डर बंद होता, म्हणजे त्यांनी ते संशोधकाला सांगितलं नव्हतं, समोर बसलेल्या मुलीला सांगितलं होतं. इथेही मी ते नाव-गाव पुसूनच, त्यांना विचारून लिहिलंय.

आपल्याकडच्या विषयावर सराव करायचा असेल तर दीपा कर्माकरपासून सुरुवात करा. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये तिचं कांस्य 0.15 गुणांनी हुकलं, चौथी आली. 2024च्या ऑक्टोबरमध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली. तिच्यावरच्या 'द स्मॉल वंडर' या 2018च्या पुस्तकाच्या लेखकांत दोन पत्रकारांबरोबर तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांचं नाव आहे. इथे काही काळंबेरं आहे असं मी अजिबात सुचवत नाहीये, गुरुशिष्येचं हे नातं आदराचं म्हणूनच ओळखलं जातं. पण खेळाडूचं आयुष्य प्रशिक्षक सांगतो तेव्हा 'मी' कुठे उभा असतो, हा प्रश्न विचारायला आदर आड येऊ नये.

अटलांटाचा एक प्रसंग राहिला. सांघिक अंतिम फेरीत शेवटी व्हॉल्ट होता. डॉमिनिक दोन्ही प्रयत्नांत पडली. तिच्यानंतर केरी स्ट्रग आली, दुखावलेल्या पायानं उतरली, आणि जगाच्या लक्षात ती उडी राहिली. डॉमिनिक राहिली ती 'केरीच्या आधी पडलेली मुलगी' म्हणून. तिच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. पुढे बीमच्या वैयक्तिक अंतिम फेरीत ती डोक्यावर आपटली, उठली, कसरत पुरी केली. 2021 मध्ये टोकियोत सिमोन बाईल्सनं मध्येच माघार घेतली आणि जगभर तिला नावं ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा डॉमिनिकनं त्या पडण्याचा जुना व्हिडिओ पुन्हा समोर ठेवला. सोबत लिहिलं, की त्यानंतर कुणीही तिची मान तपासली नाही आणि काही मिनिटांत ती फ्लोअरच्या अंतिम फेरीत उतरली.

1996चं अधिकृत निकालपत्रक काढून बघा. बीम, सहावी. फ्लोअर, चौथी.